स्पेक्युलराइट

स्पेक्युलराइट हा हेमॅटाइट या लोहखनिजाचा पत्रीदार, झगमगता प्रकार. लॅटिनमध्ये आरशाला ‘स्पेक्युलम’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. रंग पोलादी करडा ते काळा. शुद्ध खनिजात वजनाने सुमारे ७० टक्के लोह, उरलेला ऑक्सिजन. मोह्स मोजपट्टीवर काठिण्य ५ ते ६.५; घनता ५.२६, म्हणजे गारेच्या (क्वार्ट्झच्या) जवळजवळ दुप्पट. मुठीएवढा तुकडा उचलला तरी हाताला वजन कळते. अंधाऱ्या खोलीत तो अगदी सामान्य दगड दिसतो. खिडकीशी नेऊन जरा फिरवला, की एकेक पत्री पेटते आणि विझते.

ओळखायची खूण मात्र चमक नव्हे, कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रेघ. लादीच्या झिलई नसलेल्या पाठीवर घासल्यास या काळ्या दगडाची रेघ तांबडी उमटते. ग्रीक भाषेतील रक्तवाचक शब्दावरून आलेले ‘हेमॅटाइट’ हे नाव इथे पटते. गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रांचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडांचाच. मॅग्नेटाइट या दुसऱ्या लोहखनिजाची रेघ काळी येते आणि लोहचुंबक त्याला घट्ट चिकटतो. हेमॅटाइटला जेमतेम ओढ असते. ‘चुंबकीय हेमॅटाइट’ म्हणून विकले जाणारे मणी बहुधा फेराइट या कृत्रिम चुंबकी पदार्थाचे असतात. ते खुशाल घालावेत, पण संग्रहात खनिज म्हणून मांडू नयेत.

गोव्यात हेमॅटाइट डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात, गारेच्या थरांशी आलटूनपालटून बसलेल्या खडकांत सापडते. त्यातील भुसभुशीत, निळसर झाक असलेल्या भुकटीला खाणीवर ‘ब्ल्यू डस्ट’ म्हणतात. नदीतून बार्जने मुरगाव बंदराकडे गेलेल्या खनिजात चमक कोणी पाहिली नाही. भाव लोहाच्या टक्क्यांवर ठरे. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाण बंद असली तरी तिचा डंप, म्हणजे टाकाऊ माती-दगडांचा ढीग, बेवारशी ठरत नाही, तेव्हा तेथील दगड परवानगीशिवाय उचलू नये.

जपणुकीत पहिला शत्रू आपलाच हात. पत्र्या सुटतात, कापसाने पुसले तर कापूसच चमचमू लागतो आणि दगड मंद पडतो. मऊ कुंचला किंवा फुंकणी पुरते. हेमॅटाइट हे मुळातच ऑक्साइड असल्याने लोखंडासारखे गंजत नाही, उन्हानेही रंग उडत नाही. पण सोबत पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असेल तर दमट हवेत ते कुजू लागते आणि त्यातून निघणारे आम्ल डब्यातील चिठ्ठीही खाते. गोव्याच्या पावसाळ्यात म्हणून बंद डबी आणि सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच. लोखंडी स्टँड टाळावा: गंजतो तो स्टँड, डाग पडतो दगडाला. धुवावेच लागले तर साध्या पाण्याने, झटपट, आणि पत्र्यांमधले पाणी पंख्याखाली पूर्ण सुकू द्यावे. संडास धुण्याचे ॲसिड लावणारे महाभाग भेटतात. पिवळे डाग जातात, पण झळाळीही जाते. तेल लावून चमक आणणे हीही फसवणूकच, वर धूळ चिकटते ती वेगळी.

चिठ्ठीवर नुसते ‘गोवा’ लिहून भागत नाही. तालुका, गाव आणि मिळाल्याचे वर्ष हवे. लिहावे पेन्सिलीने. जुलैच्या दमट हवेत शाई फुटते.