फुलपाखरांचे फोटो रिव्ह्यूला पाठवताय? आधी हे वाचा

"फोटो जरा ब्लर वाटतोय, काय चुकलं?" हा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांचा असतो. आम्हालाही ते नेमकं सांगायचं असतं, पण फाईल येते ती आधीच क्रॉप केलेली, शार्पनिंग चढवलेली आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली, म्हणजे साईजही घटली आणि शटर स्पीड, ॲपर्चरची माहितीही गेली. मग आम्ही ओरिजिनल मागवणार, तुम्ही शोधणार, यातच सगळा वेळ जातो.

ओरिजिनल लागतो कारण प्रत्येक ब्लरचं कारण वेगळं असतं. पाकळीची कड कडक शार्प पण फुलपाखराचा डोळा मऊ, म्हणजे फोकस फुलावर बसलाय. फूल नीट आहे पण पंखांच्या कडा पुसल्यासारख्या, तर फुलपाखराने पंख हलवले, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून फास्ट हवा होता. देठ, फूल, पंख, मागची पानं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं, तर हात हलला. आणि डोळा छान पण पंखाचं टोक ब्लर गेलं असेल तर कॅमेरा पंखाला समांतर नव्हता, मॅक्रो लेन्सने अगदी जवळ गेलात की एफ/८ ॲपर्चरलासुद्धा जेमतेम काही मिलिमीटर शार्प मिळतं. शार्पनिंगनंतर हे सगळे फोटो सारखेच दिसायला लागतात हो.

अजून एक, फक्त बेस्ट फोटो नको, त्याच्या मागचेपुढचे चार-पाच फ्रेमही द्या, फसलेले सुद्धा. तुमची सावली कधी पडली, फुलपाखरू कधी उडालं हे त्यातूनच कळतं.

"तुम्हीच एडिट करून द्या ना" असं काही जण म्हणतात. ते आम्ही मुद्दाम करत नाही, एडिटने तो एक फोटो सुधारेल पण पुढच्या वेळी पंखाचं टोक पुन्हा जाणारच. आम्ही तुमच्याच फ्रेमवर खुणा करून देतो, सोबत पुढच्या वेळी काय बदलायचं ते लिहून. सीरिज रिव्ह्यू घेतलात तर सुधारून काढलेल्या फोटोंचा दुसरा राउंड त्यातच येतो, आणि खरा फरक तिथेच दिसतो म्हणून आम्ही तोच सुचवतो.

फ्रिजमध्ये ठेवून सुस्त केलेल्या फुलपाखरांचे फोटो आम्ही घेत नाही. सकाळी अंगावर ऊन येईपर्यंत ती तशीही जड असतात, तेव्हा जा, हळू सरका.

पाठवताना फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, रॉ (कॅमेऱ्याची प्रोसेस न केलेली मूळ फाईल) असेल तर उत्तमच.