अस्वल मेलेल्याला तोंड लावत नाही? चुकीचं आहे हे

शाळेत ती दोन मित्रांची गोष्ट ऐकल्यापासून आपल्या डोक्यात बसलंय की अस्वल दिसलं की श्वास रोखून पडायचं, मेलेल्याला ते तोंड लावत नाही. अहो लावतं की! अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातली ग्रिझली अस्वलं हिवाळ्यात मेलेले बायसन (गव्यासारखा प्राणी) आणि एल्क (मोठं हरीण) खातात, ध्रुवीय अस्वलं किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या व्हेलवर जमतात.

आपलं विदर्भातलं अस्वल मात्र मुख्यतः वाळवी, मुंग्या, फळं, मोहफुलं खाणारं, त्याला वरचे मधले 2 दात नसतात आणि त्या फटीतून ते वारुळातली वाळवी जोरात ओढून घेतं, आवाज पार लांबपर्यंत येतो. म्हणजे ते माणसाला खायला येत नाही, दचकून अंगावर येतं. पहाटे मोह वेचायला माणूस खाली वाकलेला, अस्वलही त्याच झाडाखाली, एकदम समोरासमोर आले की झालं. म्हणून एकटं जाऊच नका, बोलत, आवाज करत जा.

आलंच अंगावर तर पालथं पडून हातांनी मान झाकायची, तोंड जमिनीकडे, पण मेल्याचं सोंग म्हणून नाही, मान-चेहरा वाचावा आणि त्याला आपली भीती वाटू नये म्हणून, आणि ते लांब गेल्याशिवाय हलायचं नाही.