कोऱ्या चेहऱ्यावरचं दुःख

रशियन राज्यक्रांतीनंतरच्या काही वर्षांत मॉस्कोत कच्ची फिल्म मिळणं दुरापास्त झालं होतं. नवं चित्रीकरण करणं अवघड, म्हणून सिनेमा शिकवणारा दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव आणि त्याचे विद्यार्थी जुन्या सिनेमांच्या रिळांवरच कात्री चालवायचे. तुकडे कापायचे, क्रम बदलायचा, पुन्हा जोडायचे. या खटाटोपातून एक प्रयोग जन्माला आला. इवान मोझ्झुखिन हा तेव्हाचा लोकप्रिय नट. त्याचा एक जुना क्लोजअप त्यांनी घेतला. चेहरा शांत, विशेष कुठलाच भाव नसलेला. त्याला एकदा सूपचा वाडगा जोडला, एकदा शवपेटीतली बाई, आणि एकदा खेळण्यात रमलेली छोटी मुलगी. पुदोव्किन या दिग्दर्शकाने पुढे लिहून ठेवलं, की प्रेक्षक नटाच्या अभिनयावर बेहद्द खूश झाले. सूपासमोर तो किती विचारात गढलाय, मृत बाईकडे पाहताना किती व्याकूळ झालाय, मुलीकडे पाहून किती हलकंसं हसतोय! प्रत्यक्षात तिन्ही वेळा तोच तो तुकडा वापरलेला होता.

ती मूळ फिल्म आज उपलब्ध नाही, आणि तिसऱ्या दृश्यात नेमकं काय होतं याबद्दल जुन्या वर्णनांचा मेळही बसत नाही. शंका येणं साहजिकच आहे. 1992 मध्ये अमेरिकेत हा प्रयोग नव्याने करून पाहिला गेला, तेव्हा तो परिणाम दिसलाच नाही. 2006 मध्ये डीन मॉब्ज आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनरमध्ये पडून असलेल्या लोकांना असेच चेहरे आणि प्रसंग जोडून दाखवले. या वेळी परिणाम दिसला. आधी पाहिलेल्या प्रसंगाप्रमाणे चेहऱ्याचा अर्थ बदलत होता, आणि भावनांशी संबंधित अमिग्डालासारख्या भागांच्या हालचालीतही फरक पडत होता. म्हणजे दंतकथेत सांगतात तितका हा परिणाम हुकमी नाही, पण तो खोटाही नाही. चेहरा एकटा कधीच वाचला जात नाही. त्याच्या आजूबाजूला काय ठेवलंय, ते पाहून मेंदू रिकामी जागा भरून काढतो.

ही रिकामी जागा फार मोलाची आहे. गोष्ट सांगणाऱ्याचं निम्मं कसब ती कुठे सोडायची यातच असतं, असं मला वाटतं. आपल्या साहित्यशास्त्राने हे फार आधी हेरलं होतं. भरताच्या नाट्यशास्त्रात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसाची निष्पत्ती होते असं सूत्र आहे. विभाव म्हणजे कारण आणि परिस्थिती, अनुभाव म्हणजे अंगावर दिसणारी तिची खूण, व्यभिचारी भाव म्हणजे येऊन-जाऊन असणारे लहानमोठे भाव. या यादीत रस कुठेच नाही. तो बाकीच्यांच्या एकत्र येण्यातून तयार होतो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने याच्याही पुढची पायरी गाठली. रस सुचवावा लागतो, ‘करुण’ असा शब्द उच्चारून करुण रस निर्माण होत नाही. पुढे काव्यशास्त्रकार मम्मटाने तर भावनेचं सरळ नाव घेऊन मोकळं होणं हे काव्याच्या दोषांमध्येच धरलं.

एक उदाहरण घेऊन पाहू. ‘मुलगा गेल्यापासून बाप फार दुःखी होता’ हे वाक्य बरोबर आहे, पण ते वाचून आपण पुढे जातो. आता हे पाहा: ‘महिन्याभराने मोबाईलचा रिचार्ज संपत आला. दुकानात जाऊन बापाने स्वतःचा नंबर सांगितला, आणि मग मुलाचाही सांगितला.’ दुःखाचा उल्लेख नाही, रडणं नाही. फक्त दोन नंबर आहेत. तो फोन आता कुणीच उचलणार नाही, मग पैसे का भरले? कदाचित नंबर बंद पडल्याची सूचना त्याला ऐकायची नसेल. हे उत्तर लेखकाने दिलेलं नाही, वाचणाऱ्याने काढलं आहे. स्वतः काढलेल्या उत्तराचा चटका जास्त बसतो. वाचताना मेंदू नुसते शब्द उलगडत बसत नाही, हेही आता माहीत झालंय. निकोल स्पीअर आणि जेफ्री झॅक्स यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं, की गोष्टीतलं पात्र एखादी वस्तू हातात घेतं, जागा बदलतं, तेव्हा वाचणाऱ्याच्या मेंदूत तशी कृती करताना किंवा पाहताना जागे होणारे भाग जागे होतात. म्हणूनच ठोस कृती लिहिणारा लेखक भाववाचक नामं लिहिणाऱ्यापेक्षा आतवर पोहोचतो.

सिनेमाकडे याशिवाय आवाज आहे, आणि आवाज विचारांची वाट पाहत नाही. डॅनियल ब्लूमस्टाइन हे मार्मटचे अभ्यासक. मार्मट म्हणजे खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी. त्याचं पिल्लू घाबरून किंचाळतं तेव्हा आवाज अक्षरशः फाटतो. घशातून झेपेल त्यापेक्षा जास्त जोराने हवा निघते, सूर तुटतो, खरखर मिसळते. बिबट्या पाहून केकाटणारं माकड असो की रडून रडून लाल झालेलं तान्हं बाळ, फाटलेला आवाज ऐकून दुर्लक्ष करणं कठीण असतं. 2010 मध्ये ब्लूमस्टाइन आणि सहकाऱ्यांनी 102 सिनेमांच्या गाजलेल्या प्रसंगांतला ध्वनी तपासला. भयपटांत ही खरखर आणि किंकाळ्या अपेक्षेपेक्षा जास्त सापडल्या. करुण प्रसंगांत मात्र खरखर मुद्दाम दाबल्यासारखी कमी होती. संगीतकारांनी प्राणिशास्त्राचे धडे गिरवले नव्हते. त्यांनी कान उघडे ठेवले होते.

संगीत काढून घेणं हेही तंत्रच आहे. व्ही. शांतारामांनी 1937 च्या ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीताला फाटा दिला आणि घरादारातल्या नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली. जरठ-कुमारी विवाहाच्या त्या गोष्टीत इथे चिडा, इथे रडा असं सांगणारी व्हायोलिन्स नाहीत. प्रभातच्या त्या धाडसाचं आजही पुरेसं कौतुक होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रश्न असा, की दिग्दर्शकाची पकड मोजता येते का? उरी हसन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात प्रेक्षकांना स्कॅनरमध्ये वेगवेगळी दृश्यं दाखवली आणि त्यांच्या मेंदूंतली हालचाल एकमेकांशी किती जुळते ते पाहिलं. न्यूयॉर्कच्या एका उद्यानात कॅमेरा नुसता ठेवून टिपलेल्या, संकलन न केलेल्या दृश्याला मेंदूच्या बाह्यपटलाचा पाच टक्क्यांहून कमी भाग जुळला. एका टीव्ही विनोदी मालिकेला 18 टक्के, एका वेस्टर्न, म्हणजे काउबॉयांच्या, सिनेमाला 45 टक्के. आणि आल्फ्रेड हिचकॉकने दिग्दर्शित केलेल्या 1961 च्या एका टीव्ही भागाला तब्बल 65 टक्के.

त्या भागात काय आहे? एका छोट्या मुलाच्या हाती खरं पिस्तूल लागतं. त्याला ते खेळणं वाटतं. तो गोळ्या भरतो, घरात आणि बाजारात लोकांवर रोखत फिरतो, आणि मोठी माणसं हसून हात वर करतात. पिस्तूल खरं आहे हे आपल्याला ठाऊक आहे, मुलाला आणि त्याच्यासमोर येणाऱ्यांना मात्र नाही. टेबलाखालचा बाँब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो, पण बाँब आहे हे त्याला आधी सांगितलं तर तीच साधी गप्पागोष्टींची वेळ जीवघेणी होते, हे हिचकॉक नेहमी सांगायचा. इथे ज्यांच्यावर पिस्तूल रोखलं जातं, त्यांच्या चेहऱ्यावर भीती नाहीच. ती आपल्याकडे आहे, कारण माहिती आपल्याकडे आहे. नळीचं तोंड कुणाकडे वळलं, हे पाहण्यावाचून डोळ्यांना दुसरं काम उरत नाही, आणि म्हणूनच इतके मेंदू एका चालीने चालतात.

डोळ्यांची पापणीसुद्धा यात सामील असते. जपानमध्ये तामामी नाकानो यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं, की गोष्ट असलेला व्हिडिओ पाहताना वेगवेगळे प्रेक्षक एकाच सुमारास पापणी लववतात. एखादी कृती संपली, पात्र नजरेआड झालं, की त्या फटीत. निसर्गदृश्यं पाहताना किंवा गोष्ट नुसती ऐकताना असं जुळत नाही.

हसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खुलासा स्पष्टपणे केला आहे आणि तो महत्त्वाचा आहे: मेंदू किती जुळले यावरून पकड कळते, कलाकृतीची प्रत कळत नाही. काही दिग्दर्शक मुद्दाम कॅमेरा लांब ठेवतात, दृश्य रेंगाळू देतात, कुणाकडे पाहायचं हे प्रेक्षकावर सोडतात. अशा सिनेमात शेजारी बसलेल्या दोघांचे मेंदू दोन वाटांनी जातील आणि दोघंही हलून बाहेर पडतील. स्कॅनरमध्ये त्या सिनेमाचा आकडा लहान येईल. रिचार्जच्या दुकानात उभ्या असलेल्या बापाबद्दल प्रत्येक वाचक वेगळं कारण शोधतो, तिथेही आकडा लहानच येईल.