चिमणी उड आणि तीन सेकंद

गेल्या पावसाळ्यात सांगलीत अंगणवाडी सेविकांच्या एका प्रशिक्षणाला बसायला मिळालं. पहिल्या दिवशी दुपारी, जेवणं होऊन सगळ्यांना जरा सुस्ती आलेली असताना, प्रशिक्षक मॅडमनी सतरंजीवर गोल करायला सांगितलं. "चला, चिमणी उड खेळू." हसत हसत सगळ्यांनी बोटं टेकली. आणि मॅडम सुरू झाल्या, पण कानडीत. "गुब्बी! कागे! कुरी! एम्मे!"

जतकडच्या सेविका खुशीत होत्या. चिमणी, कावळा, मेंढी, म्हैस. त्यांना सगळं कळत होतं. पलूस-तासगावच्या बायका मात्र शेजारणीचं बोट वर गेलं की आपलं उचलत होत्या. मेंढीलाही उचललं. तिसऱ्या फेरीला एकीनं हात मांडीवरच ठेवला आणि ती नुसती बघत बसली. खेळ संपल्यावर म्हणाली, "मॅडम, जरा दमानं घ्या की. मला कळंपर्यंत तुमचं पुढचं जनावर येतंय."

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. उरलेले दोन दिवस ते पुसलं नाही.

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत कितीतरी घरांत कानडी बोलतात. तिथलं तीन वर्षांचं पोर मराठी अंगणवाडीत येतं तेव्हा ते त्या बाईंच्याच जागी बसलेलं असतं. दिवाळीनंतर वाळवा, पलूस, कराडच्या रानांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. कोपीवरून, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवरून, अंगणवाडीत आलेल्या मुलांचंही तेच. आणि सर्दीनं कान भरलेल्या मुलाचंही तेच. लहान वयात मधल्या कानात पाणी साठणं फार नेहमीचं आहे. त्यानं ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं आणि सगळे म्हणतात, "याचं लक्षच नसतं." हात मांडीवर ठेवून गप्प बसलेलं मूल बाहेरून एकसारखंच दिसतं, आतली कारणं मात्र वेगवेगळी असतात.

आता या खेळाकडे नीट बघा. चिमणीला बोट उचलायचं, कावळ्याला उचलायचं, आणि म्हशीला उचलायचं नाही. उचलायची सवय लागल्यावर ऐन वेळी ती दाबायची. हे काम मेंदूच्या पुढच्या भागाचं, कपाळामागच्या भागाचं. तो भाग पक्का व्हायला विशी उलटते, पण तीन ते पाच या वयात स्वतःला आवरण्याची ताकद झपाट्यानं वाढते. रांगेत थांबणं, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं न ओढणं, पुढे वर्गात सूचना लक्षात ठेवणं, सगळ्यांच्या मुळाशी हीच ताकद. चिमणी उड हा तिचा व्यायाम आहे, तोही फुकटातला.

अ‍ॅडेल डायमंड या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सूर्याचं चित्र दिसलं की 'रात्र' म्हणायचं, चंद्र-चांदण्या दिसल्या की 'दिवस'. पाच वर्षांखालच्या मुलांना हे फार जड गेलं. पुढे २००२ साली त्यांनी त्यात एक छोटा बदल केला. चित्र दाखवल्यावर प्रयोग घेणारी व्यक्ती एक ओळ गुणगुणायची: उत्तराचा विचार कर, मला सांगू नकोस. तेवढी ओळ संपेपर्यंत मूल थांबायचं. चार वर्षांची मुलं एकदम पुष्कळ चांगली उत्तरं देऊ लागली. मुलं तीच, नियम तोच, मध्ये फक्त थोडा वेळ पडला.

हाच वेळ शिक्षकाच्या बाजूनं मोजला मेरी बड रो यांनी, १९७०च्या दशकात, अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. मग त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद किंवा जास्त थांबायची सवय लावली. उत्तरं लांब झाली, 'उत्तरच नाही' असे प्रसंग घटले, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे ज्यांना शिक्षक 'मंद' समजत होते ती मुलं बोलू लागली.

तीन सेकंद म्हणजे फार नाहीत असं वाटतं. करून बघा. वीस मुलं समोर, एक रडतंय, मदतनीस खिचडीचं विचारतेय, वजनं भरायची राहिलीत. अशात तीन सेकंद थांबता थांबवत नाही. म्हणून हे भाषणानं येत नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी चाळीसेक वर्षांपूर्वीच दाखवून दिलं होतं की नुसतं सांगितलेलं वर्गापर्यंत फारसं पोचत नाही; करून दाखवलं, करून घेतलं आणि नंतर वर्गात कुणीतरी सोबतीला बसलं, तरच मुरतं. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे अजूनही बऱ्याचदा तक्ते रंगवणं. सुंदर तक्ते भिंतीवर लागतात आणि मूल तसंच मांडी घालून गप्प. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सेविकांची शिकायची तयारी त्या खोलीत मी डोळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांना एकच काम होतं: हाच खेळ प्रत्येक मुलासाठी खुला करायचा. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी चित्रं आली, आणि ताईंनी उजेडाकडे तोंड करून बसायचं ठरलं म्हणजे ओठ दिसतील. ज्याचे हात आखडलेले आहेत त्यानं बोटाऐवजी मान हलवायची किंवा डोळे मिचकावायचे. गोंगाट सोसत नाही त्याला पहिल्यांदा दोघातिघांतच खेळवायचं. कानडीची नावं फळ्यावर मराठी अक्षरांत लिहून घेतली. एका ताईंनी बेंदराच्या सणाचे मातीचे बैल सुचवले, नाव घेतलं की ते जनावर मुलाच्या हातात. नियम कुणासाठीच सैल केला नाही, उत्तर द्यायच्या वाटा तेवढ्या वाढवल्या. ही रीत आपल्याकडे जुनीच. १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच तिथला.

निदान करणं हे सेविकेचं काम नाही, हेही तिथं स्पष्ट सांगितलं गेलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना 'लक्ष नाही' एवढंच सांगण्यापेक्षा 'मागून हाक मारली तर वळत नाही, समोरून मारली तर वळतो' असं सांगितलं, तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

महिन्याभरानं त्यातल्याच एका ताईंच्या अंगणवाडीत गेलो होतो. गोल बसला होता. ताई म्हणाल्या, "कावळा," आणि मग हळूच, "कागे." ताई पदराआड हाताची बोटं मिटत होत्या. एक. दोन. भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलीनं आधी शेजाऱ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे. तीन. तिचं बोट वर गेलं. मग ताईंनी पुढचं नाव घेतलं.