अभिसारी उत्क्रांती

नात्याने दूर असलेल्या जीवांची राहणी सारखी असली, की त्यांच्यात सारखी शरीररचना स्वतंत्रपणे घडत जाते. या प्रक्रियेला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

खान्देशात तिचे उदाहरण शेताच्या बांधावरच सापडते. त्रिधारी आणि फड्या या दोन्ही झाडांना लोक निवडुंगच म्हणतात, आणि त्यात चूक काढण्यासारखे फारसे काही नाही. दोघांनाही पाने नावापुरती, खोड हिरवे, मांसल, पाणी साठवणारे आणि वर काटे. पण त्रिधारी एरंडाच्या कुळातला. फड्या मूळचा अमेरिकेतला, युरोपीय लोकांचा वावर सुरू झाल्यावर इकडे आलेला, आणि नात्याने घोळीच्या भाजीजवळचा! दोघांचा समाईक पूर्वज १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा. खात्री करायची तर खोडाला चीर द्यावी. त्रिधारीतून दुधासारखा चीक गळतो. तो डोळ्यांत जाऊ देऊ नये. फड्यातून नुसता बुळबुळीत, पाणचट रस येतो. त्रिधारीचे काटे धारेवर जोडीजोडीने असतात. फड्याचे ठिपक्याठिपक्यांतून पुंजक्याने येतात, आणि त्यांच्या बुडाशी बारीक कुसळेही असतात. बोंड तोडताना हाताला छळतात ती हीच. पाणी राखण्याची युक्ती मात्र दोघांची एकच: उन्हात रंध्रे मिटून घ्यायची आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री घ्यायचा.

सातपुड्यातले खवल्या मांजर आणि दक्षिण अमेरिकेतला मुंगीखाऊ यांचेही असेच. दोघांना दात नाहीत; वारूळ फोडायला दणकट नख्या आणि मुंग्या-वाळवी टिपायला लांब चिकट जीभ. मुंगीखाऊ हा झाडाला उलटा लटकणाऱ्या सुस्त स्लॉथचा भाऊबंद, तर खवल्या मांजराचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे मांजर-कुत्र्यांसारखे मांसाहारी प्राणी. नाव ठेवणाऱ्याला हे ठाऊक नसणार, तरी नाव फारसे चुकलेले नाही. मातीत राहणारा वाळा हा सापही गांडुळासारखाच दिसतो.

असे अवयव कार्यसदृश, तर एकाच पूर्वजाकडून आलेले ते समजात; हा भेद ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४३ मध्ये स्पष्ट मांडला. केळीच्या बागेवरून तिन्हीसांजेला जाणारे वटवाघूळ दोन्हींत बसते. त्याच्या पंखातली हाडे पक्ष्याच्या पंखातल्या हाडांशी समजात; उडण्याची सोय मात्र वेगवेगळी झालेली, एकाची लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेल्या कातडीने, दुसऱ्याची पिसांनी.