अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीने कार्यक्रमाला बोलावलंय? मग पी-३ व्हिसाचा अर्ज कुठे अडकतो ते आधी बघा

अमेरिकेत बऱ्याच मोठ्या युनिव्हर्सिट्यांचं स्वतःचं परफॉर्मिंग आर्ट्स सेंटर असतं, म्हणजे इलिनॉयचं क्रॅनर्ट सेंटर, डार्टमथचं हॉपकिन्स सेंटर वगैरे. त्यांचा सीझन साधारण सप्टेंबर ते मे चालतो आणि कोणाला बोलवायचं हे कितीतरी महिने आधी, कधी वर्ष-दीड वर्ष आधी ठरतं. आता नुसता एक प्रयोग करून घ्या आणि जा असं सहसा नसतं, त्याला जोडून कम्युनिटी एंगेजमेंट असतं, म्हणजे शाळेच्या मुलांसाठी सकाळचा छोटा प्रयोग, विद्यार्थ्यांसाठी मास्टरक्लास, प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा, कधी गावातल्या लायब्ररीत प्रात्यक्षिक. आपल्याकडच्या गायक, वादक, नृत्य आणि लोककलेच्या ग्रुप्सना अशी आमंत्रणं येतात, पोस्टर छापून होतं, तिकिटं विकायला लागतात आणि मग पी-३ च्या, म्हणजे पारंपरिक कला सादर करणाऱ्यांसाठीच्या व्हिसाच्या, कागदांपाशी सगळं थांबतं. बहुतेक वेळा थांबण्याचं कारण अगदी टाळता येण्यासारखं असतं, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट. पासपोर्टवर दहा वर्षांचा बी-१/बी-२, म्हणजे पर्यटन आणि व्यवसायभेटीचा, व्हिसा आहे म्हणून त्यावरच जाऊन कार्यक्रम करून येऊ, हा विचार कृपा करून सोडा. तिकीट लावलेला कार्यक्रम आणि त्याचं मानधन या व्हिसात बसत नाही. युनिव्हर्सिटीवाले कधीकधी स्वतःच म्हणतात की आम्ही बी-१ वर मानधन देऊ शकतो, आणि ते पूर्ण चुकीचंही नसतं, कारण १९९८ च्या कायद्यानुसार एका संस्थेत जास्तीत जास्त ९ दिवस आणि सहा महिन्यांत जास्तीत जास्त ५ संस्था अशी सवलत आहे. पण ती शैक्षणिक स्वरूपाच्या कामासाठी आहे, व्याख्यान, क्लास वगैरे. तुम्ही रात्री मोठ्या थिएटरात तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर सकाळच्या मास्टरक्लासच्या जोरावर त्या सवलतीत शिरता येत नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं, उत्तर देताना गडबड झाली, आणि तिथूनच परत पाठवलं तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं.

पारंपरिक किंवा एखाद्या समाजाची स्वतःची अशी कला सादर करायला, शिकवायला जाणाऱ्यांसाठी पी-३ आहे. एकटा कलाकार असो की ग्रुप, दोघांनाही चालतो. एका खेपेला जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळतो. पहिला अर्ज तुम्ही करायचाच नसतो, अमेरिकेतली संस्था किंवा एजंट फॉर्म आय-१२९ भरून पिटिशन, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे मंजुरीचा अर्ज, करतो. दोन-तीन युनिव्हर्सिट्यांचा दौरा असेल तर एका एजंटने सगळ्यांच्या वतीने एकच पिटिशन करणं सोयीचं पडतं. तेव्हा पहिला प्रश्न तारखेचा नाही, 'पिटिशन कोण करणार' हा विचारा आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्या. युनिव्हर्सिटीला वाटतं एजंट करतोय, एजंटला वाटतं युनिव्हर्सिटीचं लीगल ऑफिस करतंय, आणि तीन महिने असेच जातात, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणाचा फोन आला की मी हेच आधी विचारते.

आता खरी अडचण, पत्रं. पी-३ साठी त्या कलेतल्या जाणकारांची पत्रं लागतात आणि आपल्याकडून जी पत्रं जातात ती जवळजवळ सगळी एकाच साच्यातली असतात: अमुक हे थोर कलावंत आहेत, त्यांनी देशविदेशात कार्यक्रम केले, त्यांना पुरस्कार मिळाले, मी त्यांना शुभेच्छा देतो. खाली मोठी सही, शिक्का. या पत्राचा पी-३ ला फार उपयोग नाही. तुम्ही किती मोठे आहात हा प्रश्न ओ-१ व्हिसाचा, म्हणजे असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठीच्या व्हिसाचा, आहे. पी-३ विचारतो की ही कला काय आहे, कोणत्या प्रदेशाची, कोणत्या समाजाची आहे, इतर कुठल्या कलेपेक्षा ती वेगळी कशी, आणि ती तुमच्याकडे अस्सल स्वरूपात आहे हे पत्र लिहिणाऱ्याला कशावरून माहीत आहे. ग्रुप गोंधळ सादर करणार असेल तर पत्रात हे यायला पाहिजे की गोंधळ हा देवीच्या जागराचा विधी आहे, लग्नानंतर किंवा कुळाचारात घरोघरी घालतात, गोंधळी समाजात ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, संबळ आणि तुणतुणं ही त्याची वाद्यं, दिवटीचं त्यात काय स्थान, कथा कशी सांगितली जाते, आणि हा ग्रुप ते कोणाकडून शिकला. तिकडे फाइल उघडणाऱ्या माणसाने संबळ हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वाचलेला असतो. त्याला समजेल असं सावकाश लिहा. पत्र लिहिणारा कोण, त्याचा या कलेशी संबंध काय, हेही दोन ओळींत पाहिजे, आमदार-खासदारांच्या पत्रापेक्षा लोककलेच्या एखाद्या प्राध्यापकाचं किंवा जुन्या जाणत्या कलाकाराचं पत्र इथे जास्त कामाचं.

फ्यूजन करणाऱ्यांना बऱ्याचदा सांगितलं जातं की तुमचं काम पारंपरिक नाही, पी-३ विसरा. तसं नाहीये. २०१२ साली एका प्रकरणात इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने स्पष्ट सांगितलंय की सांस्कृतिकदृष्ट्या वेगळी शैली म्हणजे फक्त जुनीच कला असं नाही, दोन परंपरांच्या मिश्रणातून झालेली शैलीही त्यात येऊ शकते. ते प्रकरण अर्जेंटिनाच्या एका ज्यू संगीत वाजवणाऱ्या बँडचं होतं आणि 'मॅटर ऑफ स्किर्बॉल कल्चरल सेंटर' या नावाने सापडतं. तुमच्या वकिलाला माहीत नसेल तर नाव सांगा. मात्र मिश्रण कशाचं आणि ते कुठल्या समाजातून आलंय हे पुराव्याने दाखवावंच लागतं.

वर्तमानपत्रातली कात्रणं लावता येतात, लावाच. पण पेपरचं नाव आणि तारीख कापून टाकलेलं कात्रण निरुपयोगी. आणि मराठी कात्रणाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, सोबत भाषांतर करणाऱ्याचं सहीचं निवेदन की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. हे निवेदन नसलं की पंधरा कात्रणांचं ओझं नुसतं ओझंच राहतं. सगळी पंधरा लावायची गरजच नाही, कलेबद्दल दोन वाक्यं तरी असलेली चार-पाच निवडा.

यानंतर युनियनचं पत्र. हा कागद आपल्याकडे कोणाला माहीतच नसतो. त्या क्षेत्रातल्या अमेरिकन कामगार संघटनेचा लेखी अभिप्राय पिटिशनला जोडावा लागतो. वादकांसाठी साधारणपणे अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, नाटकवाल्यांसाठी अॅक्टर्स इक्विटी, नृत्यासाठी अमेरिकन गिल्ड ऑफ म्युझिकल आर्टिस्ट्स. पिटिशन करणाराच तो मागवतो, फी भरावी लागते, वेळ जातो. त्यांनाही कलेची तीच माहिती द्यायची असते, म्हणून जाणकारांची पत्रं आधी हातात पाहिजेत. हा अभिप्राय सल्ल्याच्या स्वरूपाचा असतो, निर्णय इमिग्रेशन खातंच घेतं.

कॉन्ट्रॅक्ट आणि कार्यक्रमपत्रिका लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण पत्रिकेत फक्त संध्याकाळचे प्रयोग लिहितात आणि वर्कशॉप गाळतात. का, तर त्याचे वेगळे पैसे नाहीत, ते काय सांगायचं. अहो, तेच तर सांगायचंय! नियमात असं आहे की कलाकार अशा कार्यक्रमासाठी येत असला पाहिजे ज्याने त्या कलेची समज किंवा विकास पुढे जाईल, आणि शाळेतलं प्रात्यक्षिक, विद्यार्थ्यांचा मास्टरक्लास याहून चांगला पुरावा दुसरा कुठला असणार. म्हणून कम्युनिटी एंगेजमेंटचा प्रत्येक कार्यक्रम तारीख, ठिकाण आणि एक ओळ माहितीसकट लिहा, युनिव्हर्सिटीकडून एक पत्र घ्या की हा आमच्या सीझनचा भाग आहे आणि आम्ही तो का ठेवलाय. सगळेच्या सगळे कार्यक्रम त्या कलेचे असले पाहिजेत, मध्येच एखाद्या संध्याकाळी हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा शो घुसवला असेल तर सगळ्या अर्जावर शंका येते.

यातच तारखांचा एक घोळ लपलेला असतो. मंजूर पिटिशनची मुदत सुरू व्हायच्या आधी १० दिवस देशात जाता येतं आणि संपल्यावर १० दिवस राहता येतं, पण त्या दिवसांत काम करता येत नाही. प्रयोग २० तारखेला म्हणून पिटिशनमध्ये २० तारीख टाकतात आणि शाळेतला वर्कशॉप असतो १७ ला. तो वर्कशॉप म्हणजे कामच. सुरुवातीची तारीख पहिल्या वर्कशॉपच्या किंवा पहिल्या टेक्निकल रिहर्सलच्याही आधीची टाका.

ग्रुपमध्ये कोण आणि सपोर्टमध्ये कोण हेही नीट ठरवा. ढोलकीवाला, संबळवाला, टाळकरी हे कलाकार आहेत, ते मुख्य पिटिशनमध्ये. साउंड, लाइट, वेशभूषा बघणारा माणूस सपोर्ट, त्याचं पिटिशन वेगळं, आणि त्याच्याशिवाय प्रयोग का होत नाही हे वेगळं पटवावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून एका पिटिशनमध्ये जास्तीत जास्त २५ नावं बसतात, मोठ्या संचाने हे लक्षात ठेवा. मंजुरीनंतर एखादा कलाकार आजारी पडला तर घाबरू नका, ग्रुपच्या पिटिशनमध्ये बदली माणूस घेता येतो, पिटिशन करणाऱ्याचं पत्र आणि मंजुरीची प्रत कॉन्सुलेटला द्यायची. सपोर्टवाल्याला मात्र अशी बदली चालत नाही. नावं पासपोर्टप्रमाणेच लिहा. पोस्टरवर शाहीर, पंडित, बुवा, टोपणनाव काहीही असू दे, पण मग पत्रात 'ऊर्फ' म्हणून दोन्ही नावं एकदा यायला हवीत, नाहीतर कात्रणातला माणूस आणि पासपोर्टवरचा माणूस एकच हे कोण ओळखणार.

मुदतीबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. पिटिशन कार्यक्रमाच्या एक वर्षाहून आधी करता येत नाही. आणि किमान ४५ दिवस आधी करा असं इमिग्रेशन खातं सुचवतं, ते वाचून लोक खरंच ४५ दिवस आधी करतात. ४५ दिवसांत निर्णय मिळेलच असं कोणी कबूल केलेलं नाही, आणि पिटिशन मंजूर म्हणजे व्हिसा नव्हे, त्यानंतर डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा फॉर्म भरायचा, कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट मिळवायची, मुलाखत द्यायची, हे सगळं राहिलेलंच असतं. जास्तीची फी भरून प्रीमियम, म्हणजे पिटिशनवर लवकर निर्णयाची सोय, घेतली तर १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं, पण ते उत्तर 'आणखी पुरावा द्या' असंही असू शकतं आणि मग तुम्ही पुरावा दिल्यावर ते दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. पुरावा द्यायला १२ आठवड्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत आणि वाढवूनही देत नाहीत. माझं स्पष्ट मत, प्रयोगाच्या सहा महिने आधी फाइल गेलेली पाहिजे. लोककलाकारांना हा सगळा खटाटोप करायला लावणाऱ्या यंत्रणेबद्दल मला राग आहे, ज्याच्या घरात पाच पिढ्या संबळ वाजतोय त्याने त्याच्या अस्सलपणाचा दाखला प्राध्यापकाकडून आणायचा, पण नियम आज तसा आहे आणि कलाकाराची संधी जाऊ नये.

मुलाखतीत साधे प्रश्न असतात, कुठे जाणार, काय सादर करणार, परत कधी येणार. ग्रुपमधल्या प्रत्येकाला, अगदी टाळकऱ्यालाही, युनिव्हर्सिटीचं नाव, गाव आणि पत्रिका माहीत पाहिजे. इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोलायचं आहे हे आधीच सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

पैशाचं शेवटी कळतं आणि तेव्हा फार लागतं. परदेशी कलाकाराच्या मानधनातून सरसकट ३० टक्के कर कापला जातो, खर्च वजा न करता. भारत-अमेरिका कर करारात कलाकारांना सूट आहे पण तिची मर्यादा वर्षाला १,५०० डॉलर इतकीच आहे. कापणी कमी करून घ्यायची तर फॉर्म १३९३० भरून अमेरिकेच्या कर खात्याशी आधी करार करता येतो, ज्यात खर्चाचा अंदाज धरतात. हा अर्ज पहिल्या कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी त्यांच्याकडे पोचलेला पाहिजे, आणि हे ४५ दिवस वरच्या ४५ दिवसांसारखे सुचवलेले नाहीत, ही अट आहे. दोन्हींची गल्लत करून हा अर्ज हुकलेले खूप जण आहेत. हुकला तरी पैसे बुडाले असं नाही, पुढच्या वर्षी १०४०-एनआर हे परदेशी लोकांसाठीचं अमेरिकन रिटर्न भरून जास्तीचा कर परत मागता येतो, फक्त त्याला युनिव्हर्सिटीकडून मिळणारा १०४२-एस हा मानधन आणि कापलेला कर दाखवणारा कागद लागतो. तो मार्चच्या मध्यापर्यंत द्यायचा असतो पण भारतातला पत्ता नीट नसला की कुठेतरी पडून राहतो. निघायच्या आधीच त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना पूर्ण पत्ता आणि ईमेल देऊन ठेवा, आणि दौऱ्यातल्या खर्चाच्या पावत्या जपा.

वाद्यांचं थोडक्यात. जुन्या तंबोऱ्यावर किंवा सतारीवर हस्तिदंताची सजावट असेल तर ते वाद्य घरीच ठेवा, दुसरं न्या. आणि दिवटी, निरांजन, कापूर असं काहीही रंगमंचावर पेटवणार असाल तर सेंटरला टेक्निकल माहिती पाठवतानाच लिहा. उघड्या ज्योतीला तिथे अग्निशमनवाल्यांची परवानगी लागते, ती आयत्या वेळी मिळत नाही, आणि नाहीच मिळाली तर विजेच्या दिव्याची दिवटी लागेल, ती इथूनच करून न्यावी लागेल.