दरड किंवा पुरानंतर तात्पुरतं घर : पात्रता, पंचनामा, कागदपत्रं आणि ग्रामपंचायतीचं काम

दरड कोसळली किंवा घर पुराच्या पाण्यात खचलं की पहिल्या दोन-चार दिवसांत एकच प्रश्न ऐकू येतो : तात्पुरत्या घराचा फॉर्म कुठे मिळतो? बहुतेक वेळा असा वेगळा फॉर्म नसतोच. निवारा मिळतो तो बाधित कुटुंबांच्या यादीवरून आणि यादी बनते पंचनाम्यावरून. तेव्हा धावपळ करायची ती पंचनाम्यासाठी.

आधी ‘तात्पुरतं’ म्हणजे किती दिवस, हे समजून घ्या. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ ला डोंगर आला आणि नव्या माळीणमधली पक्की घरं लोकांच्या ताब्यात आली एप्रिल २०१७ मध्ये. २२ जुलै २०२१ च्या दरडीनंतर महाड तालुक्यातल्या तळियेची कुटुंबं कंटेनरमध्ये राहिली. पक्की घरं बांधायचं काम म्हाडाकडे गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातली इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा वाचलेल्यांची सोय चौकजवळच्या कंटेनरमध्ये झाली आणि घरं सिडकोनं बांधली. म्हणजे निदान दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे त्या जागेत काढायचे आहेत, असं धरूनच जागा, पाणी आणि कागदपत्रं बघा.

कोणाचं काम काय

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्ह्याची सूत्रं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. कलम ६५ खाली प्रशासन मदतीसाठी इमारत, जागा किंवा वाहन ताब्यात घेऊ शकतं. पहिल्या रात्री मंगल कार्यालय किंवा आश्रमशाळा उघडून घेता येते ती याच बळावर. पण शाळेतलं शिबिर फार काळ चालवता येत नाही. मुलांचे वर्ग भरायचे असतात, त्यामुळे काही आठवड्यांत कुटुंबं शेडमध्ये, कंटेनरमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत हलवावी लागतात.

याच कायद्याचं कलम ४१ ग्रामपंचायत, नगरपालिका अशा स्थानिक संस्थांवर मदत आणि पुनर्वसनाची जबाबदारी टाकतं. गावपातळीवर त्याचा अर्थ जागा सुचवणं, ग्रामसभेचा ठराव करणं, पाण्याची जोडणी, कचरा आणि दिवाबत्ती. जागेचा ठराव करताना तिथे पुन्हा दरडीचा धोका नाही, असा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा किंवा जिल्ह्याच्या भूवैज्ञानिकाचा अभिप्राय आहे का, हे विचारा. नदीकाठच्या गावात जलसंपदा विभागाच्या पूररेषा बघा : निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. लाल रेषेच्या आत निवारा उभारणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. गुरांची सोय कुठे, शेत किती लांब, एसटी कुठे थांबते हेही ठरावात लिहून घ्या. हे प्रश्न तेव्हा किरकोळ वाटतात, पण तात्पुरती वस्ती सोडून लोक धोक्याच्या घरात परत जातात ते बहुधा गुरं आणि शेतीपायीच.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ठरवलेल्या किमान निकषांत मदत शिबिरात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला पिण्याचं तीन लिटर पाणी आणि तीस माणसांमागे एक शौचालय सांगितलं आहे. आता हिशेब करा. पाच माणसांना साडेसतरा चौरस मीटर, म्हणजे जवळपास १८८ चौरस फूट. बाजारात सर्रास मिळणारा वीस बाय आठ फुटांचा कंटेनर भरतो १६० चौरस फूट. शिबिराच्या मापालाही तो कमीच पडतो, आणि एप्रिलमध्ये त्याचा पत्रा दुपारी हात लावू देत नाही. म्हणून मोठ्या कुटुंबाला दोन युनिट किंवा पुढे शेडचा वाढीव भाग आणि वर छप्पर, ही मागणी पहिल्याच ग्रामसभेत लेखी द्या.

पात्र कोण

घर पूर्ण पडलेली कुटुंबं यादीत सहसा येतात. सुटतात ती पुढची :

घर शाबूत, पण वस्ती दरडप्रवण म्हणून हलवलेली कुटुंबं. यांच्या पंचनाम्यात नुकसानीचा रकाना कोरा, म्हणून नावही नाही. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर तहसीलकडून स्थलांतराच्या नोटिसा येतात. तो कागद फाडून चुलीत घालू नका, तोच तुमचा पुरावा. हलवल्यावर लेखी आदेशाची प्रत मागा.

एक घर, दोन चुली. रेशनकार्ड वडिलांच्या नावावर आणि भाऊ वेगळे राहणारे, तर यादीत एकच कुटुंब लागतं. वेगळं रेशनकार्ड असेल तर ते दाखवा. नसेल तर वेगळं वीजमीटर, घरपट्टीची पावती आणि सरपंच-पोलीस पाटलांसमोरचा जबाब पंचनाम्याला जोडून घ्या.

भाडेकरू. घराच्या पडझडीची मदत मालकाला मिळते; पण कपडे, भांडी आणि डोक्यावरचं छप्पर हा राहणाऱ्याचा प्रश्न आहे. भाडेकरार नसेल तर वीजबिल, गॅसची पावती, मुलांच्या शाळेचा दाखला चालवून बघा.

गायरानात किंवा अतिक्रमित जागेत घर असलेले. आपत्ती निधीच्या निकषात घराच्या भरपाईसाठी बांधकाम अधिकृत असावं लागतं, त्यामुळे तिथे वाद होतो. निवाऱ्याची गोष्ट वेगळी. तो जीव वाचवण्याचा भाग आहे आणि भरपाईच्या वादापायी तो अडवू नये, असं लेखी निवेदन द्या. जात, धर्म, लिंग यावरून मदतीत भेदभाव करता येत नाही, हे आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१ सांगतं.

मुंबईला कामाला असलेल्यांचं ‘बंद घर’ हा नेहमीचा घोळ. कुलूप आहे म्हणून पंचनामा राहतो. भावकीतल्या कोणाला तरी त्या दिवशी हजर ठेवा.

पंचनाम्याच्या दिवशी

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि गरजेप्रमाणे अभियंता येतात. कागदावर एक शब्द फार महाग पडतो : ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’. २०२२ ते २०२६ साठी केंद्रानं ठरवलेल्या दरांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी भागात १,३०,००० रुपये. अंशतः, म्हणजे किमान १५ टक्के पडझडीला पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्यासाठी ४,००० रुपये. झोपडीला ८,०००, गोठ्याला ३,०००. भिंत उभी दिसते, पण पाया सरकलाय किंवा तुळई निखळलीय, असं असेल तर अभियंत्याला आत नेऊन दाखवा आणि राहण्यास अयोग्य असल्याचा शेरा मागा. तुमच्या निवाऱ्याचं पुढचं सगळं त्या शेऱ्यावर उभं राहतं. सही करण्याआधी कागद वाचा, मोबाईलवर फोटो काढा, आणि माणसं किती हे मोजून बघा. तान्हं मूल आणि माहेरी आलेली मुलगी यांची नावं हमखास राहतात. उगाच वाढवून मात्र सांगू नका. खोट्या दाव्याला याच आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

कागदपत्रं

कुटुंबातल्या सगळ्यांचं आधार, रेशनकार्ड, घराचा नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीचा उतारा (गावठाणात मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका), घरपट्टी किंवा वीजबिल, आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक. घरात मृत्यू झाला असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती. मृतामागे चार लाख रुपयांची मदत असते. अपंगत्व किंवा गंभीर आजार असेल तर दाखला जोडा, म्हणजे शौचालयाजवळचं किंवा पायरी नसलेलं युनिट मागता येतं.

सगळं वाहून गेलं असेल तर घाबरू नका. नमुना ८ ची नोंद ग्रामपंचायतीत असते, रेशनची तहसीलच्या पुरवठा शाखेत, आणि आधार क्रमांक बोटाच्या ठशावरून सापडतो. बऱ्याच ठिकाणी शिबिरातच दाखल्यांचा कॅम्प लावतात. लावला नसेल तर तहसीलदारांना सामूहिक पत्र द्या.

यादीत नाव नसेल तर

यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची मागणी करा. हरकत लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं साहेबांची बदली झाली की संपतं. तहसीलदार, मग प्रांत, मग जिल्हाधिकारी असा क्रम ठेवा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्यात लोकशाही दिन असतो, तिथेही अर्ज टाकता येतो. पंचनाम्याची प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. अजून धोक्यातच असाल तर आधी १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर फोन करा, कागद मागाहून.

कंटेनरची किल्ली घेताना हमीपत्रावर सही मागतात. त्यात जुन्या जागेवरचा किंवा पक्क्या घरावरचा हक्क सोडल्याचं वाक्य नाही ना, हे वाचा. वीजबिल कोण भरणार, पत्रा गळला तर दुरुस्ती कोणाची आणि ताबा केव्हापर्यंत, हे त्याच कागदावर लिहून घ्या.